दिल्लीचे ऊन, लाहौलची लोकर

हिंदी आणि मराठी या सख्ख्या बहिणी खऱ्या. पण सख्ख्या बहिणींतही एखाद्या शब्दावरून घोटाळा व्हावा, तसा 'ऊन' या शब्दावरून त्यांच्यात होतो. आपल्याकडे ऊन आकाशातून पडते. हिंदीत ते मेंढीच्या अंगावर वाढते आणि बाजारात लडीने विकत मिळते. आपल्या उन्हाला मात्र हिंदी भाषक 'धूप' म्हणतात, जो आपण देवापुढे जाळतो. महाराष्ट्रातून नव्यानेच दिल्लीस आलेल्या गृहिणीला शेजारीण दारात येऊन 'ऊन लेने चलोगी?' असे विचारते, तेव्हा 'उन्हात बसायला येता का?' असाच अर्थ तिच्या मनात उभा राहतो आणि ती होकार देते. होकार दिल्याने बिघडत काहीच नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात ही दोन्ही उन्हे एकाच ठिकाणी भेटतात.

दिल्लीची थंडी ही घराबाहेरची गोष्ट नाही, हे दक्षिणेकडून आलेल्या माणसाला उशिरा कळते. येथील जुनी घरे उन्हाळ्याच्या भीतीने बांधलेली. जाड भिंती, उंच छत, फरशी दगडी किंवा सिमेंटची. डिसेंबर-जानेवारीत धुके दाटले आणि पारा चार-पाच अंशांवर उतरला, की घरातील खोल्या तळघरासारख्या गार पडतात आणि माणसे ऊब शोधण्यासाठी घराबाहेर येतात. अकराच्या सुमारास धुके विरते. मग चारपाया, वेताचे मोढे, सतरंज्या अंगणात निघतात. मुळे, संत्री, भुईमुगाच्या शेंगा आणि गजक यांची पुडकी सुटतात. आणि पिशव्यांतून सुया बाहेर येतात. सरकारी वसाहतींच्या मधोमध जी मोकळी हिरवळ राखलेली असे, तिच्यावर दुपारभर हा दरबार भरे. कृषी भवन, शास्त्री भवन या बाजूच्या कचेऱ्यांतून मधल्या सुटीत बाहेर पडणाऱ्या नोकरदार स्त्रियाही डबा संपवून उरलेल्या वेळात दोन-चार ओळी विणून घेत. सरकारी कचेरीत विणत बसणाऱ्या बायकांवर विनोद पुष्कळ झाले. ते करणाऱ्यांच्या अंगावरचे स्वेटर कोणी विणलेले होते, याची चौकशी मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे लोकरीचे विणकाम हा प्रामुख्याने बाळंतपणाच्या तयारीचा भाग. घरात पाळणा हलणार असला, की टोपडी, मोजे आणि एखादे छोटे झबले विणले जाते. मूल चालू लागले की सुया पुन्हा ट्रंकेत. पुण्या-मुंबईच्या हवेत मोठ्या माणसाला लोकर लागते ती किती! उत्तरेत मात्र घरातील प्रत्येक जिवाला दर हिवाळ्यास ती लागते आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत सुया थांबत नाहीत. त्यातही दिल्लीच्या विणकामाला एक वेगळा इतिहास आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबातून लक्षावधी निर्वासित आले. लाजपतनगर, पटेलनगर, राजेंद्रनगर या वसाहती त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या. त्या घरांतील बायकांच्या हातात सुया होत्या आणि लुधियान्याची लोकर जवळच होती. पुढे १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा सीमेवरील जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि कानटोप्या विणण्याची जी लाट देशभर उठली, तीत ज्यांच्या घरचे कोणीही सैन्यात नव्हते अशा बायकाही ओळखदेख नसलेल्या माणसाच्या मापाचा अंदाज बांधून विणत बसल्या.

मी दिल्लीस आले ती भाषांतराच्या नोकरीसाठी. दिवसभर शब्दांचे प्रतिशब्द शोधून कंटाळलेल्या मला शनिवार-रविवारी या हिरवळीवर पुन्हा तेच काम मिळाले, आणि ते अधिक रमणीय निघाले. मराठीत आपण ज्याला सुलट आणि उलट टाका म्हणतो, त्याला हिंदीत 'सीधा' आणि 'उल्टा' फंदा म्हणतात. बंगालीत तेच 'सोजा' आणि 'उल्टो' होतात. हिंदीत 'सलाई' म्हणजे सुई आणि 'सलाई' म्हणजेच एक विणलेली ओळही. ज्या हत्याराने ओळ विणायची त्याचेच नाव ओळीला. मला 'ओळ' असा वेगळा शब्द वापरताना पाहून आमच्या चौकातील बायकांना मोठी गंमत वाटे. नमुना शिकवताना मात्र या शब्दांची फारशी गरज पडत नाही. शिकवणारी बाई आपल्या सुया संथपणे चालवते, शिकणारी पाहते. चुकले की शिकवणारी काही न बोलता विणकाम हातातून काढून घेते, चार टाके उसवते आणि परत देते. परभाषेत एवढ्या सोप्या रीतीने माझी चूक दुसऱ्या कोणी कधी दुरुस्त केली नाही.

या बैठकीचे खरे गुपित माझ्या लक्षात यायला दोन हिवाळे जावे लागले. काही काम नसताना शेजारणीकडे जाऊन बसणे मोठ्या शहरात संकोचाचे वाटते. येण्याला काही कारण हवे, उठण्याला निमित्त हवे. हातात विणकाम असले की दोन्ही आपोआप मिळतात. 'गळा कसा घ्यायचा?' एवढे विचारायला आलेली बाई तासभर बसते, आणि तिला कोणी का बसलीस असे विचारत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विणणाऱ्या बाईची नजर सुयांवर असते. समोरासमोर डोळ्याला डोळा देऊन जे सांगता येत नाही, ते खाली मान घालून टाके मोजता मोजता सांगता येते. ऐकणारीलाही चेहऱ्यावर काय आणावे याची चिंता नसते.

आमच्या बैठकीतील सर्वांत वडील बाईंना आम्ही बीजी म्हणत असू. वय ऐंशीच्या पुढे. त्या लायलपूरच्या. १९४७ मध्ये लहान वयात आईबरोबर निघाल्या आणि कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत त्यांनी पहिला हिवाळा काढला. ही हकिगत त्यांनी एका दुपारी सांगितली, तीही कोणी विचारले म्हणून नव्हे. माझ्या हातातील चुकलेला भाग उसवताना त्या म्हणाल्या, की वडील वाटेतच राहिले. त्यांचा एक स्वेटर तेवढा गाठोड्यात आला होता. छावणीत थंडी पडली तेव्हा आईने तो उसवला आणि त्याच लोकरीतून दोन मुलांचे दोन छोटे स्वेटर विणले. उसवायला एक रात्र लागली, विणायला पंधरा दिवस. एवढे सांगून त्यांनी माझे विणकाम मला परत दिले आणि पुढच्या ओळीत किती फंदे घटवायचे ते सांगितले. त्या दुपारी पुढे कोणी काही बोलले नाही; सुया मात्र चालत राहिल्या.

सरकारी वसाहतीतील मैत्रीला बदलीचा शाप असतो. आमच्यातील बंगाली वहिनींना, म्हणजे सर्वांच्या बौदींना, बीजींसाठी एक कोट-स्वेटर विणायचा होता. गडद तपकिरी लोकर आली, पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, आणि यजमानांच्या बदलीचा हुकूम आला. जबलपूर. सामान बांधण्याच्या गडबडीत बौदी उरलेली लोकर घेऊन गेल्या आणि तयार भाग माझ्याकडे ठेवून गेल्या. महिन्या-दीड महिन्याने टपालाने दोन बाह्या आल्या. मी त्या जोडायला घेतल्या तर मापात बोटभर अरुंद. टाक्यांची संख्या बरोबर, सुया त्याच नंबरच्या, लोकर तीच. हात मात्र घट्ट झालेला. विणणाऱ्या बायकांना हे ठाऊक असते. मन स्वस्थ असले की हात सैल चालतो, नसले की टाका आवळतो. पत्रात कुशल लिहिता येते, बाहीत येत नाही. बीजींनी त्या बाह्या हाताने चाचपून पाहिल्या आणि म्हणाल्या, 'उस को फोन करो.' त्या रात्री बौदींशी तासभर बोलणे झाले. नव्या गावी त्यांना अद्याप एकही घर ओळखीचे झाले नव्हते. स्वेटर बाह्या न उसवता तसाच जोडला गेला, आणि बीजी तो तशाच घालतात.

पुढे खुद्द वसाहतीचीच बदली झाली म्हणावयास हरकत नाही. दक्षिण दिल्लीतील सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर अशा जुन्या सरकारी वसाहती पाडून तेथे बहुमजली इमारती बांधण्याची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. २०१८ मध्ये तेथील झाडांच्या तोडीवरून मोठा गदारोळही झाला. आमचीही दुमजली घरे अशीच रिकामी झाली. न्याय्य बोलायचे तर त्या घरांची पावसाळ्यातील गळती आणि गंजलेले नळ यांची आठवण काढून कोणी अश्रू ढाळू नयेत. नव्या घरांत पाणी वर चढते आणि भिंतींना ओल नाही. पण बाराव्या मजल्यावरच्या सज्जात ऊन येते ते घटकाभर, आणि ते एकटीचे असते. बैठक पांगली. कोणी द्वारकेला, कोणी नोएडाला. बीजी मुलाकडे गेल्या.

या बैठकीत एक अबोल मुलगी असे. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यातली. दिल्लीत एका कचेरीत नोकरीला. ती विणताना सुयांकडे पाहत नसे, याचे आम्हांला फार नवल. वसाहत रिकामी होताना तिने आम्हां प्रत्येकीला मोज्यांचा एकेक जोड दिला. पांढऱ्या, तांबड्या, हिरव्या, काळ्या रंगांची चौकटी-चांदण्यांची नक्षी वरच्या भागावर इतकी दाट, की पायात घालावा की भिंतीवर लावावा असा प्रश्न पडावा. 'आईने विणले,' एवढेच ती म्हणाली. आणि मग, जणू बऱ्याच दिवसांपासून ठरवून ठेवल्याप्रमाणे, 'दीदी, एकदा माहेरी चला.' एका ऑक्टोबरात रजा जुळली आणि मी तिच्यासोबत निघाले.

दिल्लीहून रात्रीची बस मनालीला सकाळी पोचते. तेथून पूर्वी लाहौलला जायचे म्हणजे ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग घाट चढणे आले, आणि बर्फ पडले की घाट बंद. खोऱ्याचा बाहेरच्या जगाशी रस्त्याने संबंध वर्षातले कित्येक महिने तुटलेला असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हा सारा हिशेब बदलला. बोगद्याच्या अलीकडे देवदारांची हिरवी, ओलसर दरी. पलीकडे बाहेर पडताच उघडे, तपकिरी डोंगर आणि पिवळ्या पडलेल्या विलोंच्या रांगा. दहा मिनिटांत देश बदलावा तसे वाटते. बटाटे आणि वाटाणा निघून गेलेली रिकामी शेते, छपरांवर वाळत घातलेला चारा, आणि खाली चंद्रा नदी.

तांदी येथे चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. येथून पुढे जी नदी निघते तिचे नाव चंद्रभागा. आणखी खाली गेल्यावर तिलाच चिनाब म्हणतात. मराठी माणसाने येथे काय करावे? चंद्रभागा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंढरपूरचे वाळवंट, वारकरी आणि भीमेचे चंद्रकोरीसारखे वळण. येथे एवढ्या दूर, बर्फाच्या पाण्याची, दगडांवर आदळत जाणारी ही दुसरी चंद्रभागा. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. मैत्रिणीने कारण विचारले, मी सांगितले. तर तिने बस सुटेपर्यंत तुमच्या नदीत पाणी किती असते, थंड असते का, असे बारीकसारीक प्रश्न विचारले. दिल्लीच्या सहा वर्षांत ती माझ्याशी एवढे बोलली नव्हती.

केलंग हे लाहौल-स्पीती जिल्ह्याचे ठाणे. समोर भागेच्या पैलतीरी कर्दंगचा मठ दिसतो. या गावात सुयांवरचे विणकाम कसे आले याची हकिगत भाषांतरकाराच्या विशेष आवडीची आहे. १८५० च्या दशकात मोरेव्हियन पंथाचे जर्मन मिशनरी येथे आले. त्यांना जायचे होते मंगोलियाला. तिबेटातून वाट मिळाली नाही, म्हणून ते केलंगला थांबले. त्यांतील यॅश्के यांनी तिबेटी भाषेचा अभ्यास करून जो कोश केला, त्याची इंग्रजी आवृत्ती १८८१ साली प्रसिद्ध झाली आणि ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. त्यांचे सहकारी ऑगस्ट विल्हेल्म हायडे यांनी पुढे शरच्चंद्र दास यांच्या तिबेटी कोशाच्या संपादनात भाग घेतला. तो १९०२ साली निघाला. हायडे यांच्या पत्नी मारिया १८५९ मध्ये येथे आल्या. मिशनने निवडलेल्या तीन वधू समुद्रापलीकडून एकत्र आल्या, त्यांतील त्या एक. ज्याला पूर्वी पाहिले नाही अशा पुरुषाशी लग्न, ज्याची भाषा कळत नाही असा मुलूख, आणि अर्धे वर्ष बर्फात कोंडलेले घर. या बाईंनी गावातील मुली-बायकांना बोलावून विणकाम शिकवण्यास सुरुवात केली, आणि जवळजवळ चाळीस वर्षे, १८९८ पर्यंत, हे जोडपे केलंगला राहिले. लोकर कातणे आणि मागावर विणणे लाहौलला आधीपासून होतेच; सुयांवरचे मोजे मात्र या शाळेतून खोरेभर पसरले असे मानतात. धर्मप्रसारात मिशनच्या पदरी फारसे काही पडले नाही. पुरुषांचे कोश ग्रंथालयात राहिले, बाईंचे मोजे घराघरात गेले. नक्षी व रंग पुढे लाहौलच्या बायकांनी आपले घातले, आणि २०२१ मध्ये लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना व हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

मैत्रिणीचे घर केलंगहून थोडे खाली. मधल्या खोलीत लोखंडी शेगडी, तिचा धुराचा नळ छपरातून बाहेर, आणि शेगडीभोवती जाड गालिचे. तिच्या आईंना हिंदी बेताचीच येत होती. 'जुले' म्हणून झाल्यावर त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या सुया पाहिल्या आणि हात पुढे केला. मी विणकाम दिले. त्यांनी ते प्रथम उलटे करून पाहिले. जाणती विणकरीण नेहमी असेच करते, बीजीही करीत. दर्शनी बाजू कोणीही नीटनेटकी राखते, धाग्यांची जोडणी कशी झाली आहे ते मागून कळते. आई माझी परीक्षा घेत होत्या आणि सून चहा ढवळता ढवळता हसत होती. निकाल बरा लागला असावा, कारण मला शेगडीजवळची जागा मिळाली.

तेथे शेजारच्या एक वृद्ध बाई आधीच बसलेल्या होत्या. आईंच्या बालमैत्रीण. मैत्रीण दुभाषी झाली आणि हळूहळू हकिगत कळली. या दोघी लग्न होऊन एकाच गावी आल्या. हिवाळ्यात शेतीचे काम नाही, रस्ता नाही. मग एका शेगडीपाशी बसून दोघी मिळून एक जोड विणीत, एक मोजा हिचा, एक तिचा. एकच नक्षी, एकच लोकर. कोणाचा आधी होतो याची पैज. पुढे शेजारच्या बाईंच्या मुलाने कुलू खोऱ्यात घर बांधले. लाहौलच्या पुष्कळ कुटुंबांनी तसे केले. मुलांच्या शाळा तिकडे, दवाखाना तिकडे. शेजारीण दरवर्षी बर्फापूर्वी खाली जाऊ लागली आणि घाट उघडला की परत. जवळजवळ वीस हिवाळे आईंनी दोन्ही मोजे एकटीनेच विणले.

बोगद्याविषयी दिल्लीत ऐकलेली वाक्ये माझ्या मनात होती. आता हिवाळ्यातही प्रवासी येतील, खोऱ्याचे एकाकीपण संपेल, आणि त्या एकाकीपणात वाढलेली ही कलाही संपेल, असे जाणकार बोलतात. त्यात तथ्य आहे. सिस्सूच्या रस्त्यावर मी यंत्रावर विणलेले मोजे लाहौली म्हणून विकले जाताना पाहिले. सुनेच्या पिढीत मोज्यापेक्षा खानावळीत आणि पाहुण्यांच्या खोल्यांत पैसा लवकर दिसतो, आणि त्यात तिची चूक काढण्याचा अधिकार दिल्लीच्या माणसाला नाही. हे मी मैत्रिणीमार्फत आईंना विचारले, बोगद्याने विणकाम कमी झाले का? त्यांनी शेजारणीकडे बोट दाखवले. मैत्रिणीने भाषांतर केले: 'बोगदा झाल्यापासून ही जानेवारीतसुद्धा येते. सकाळी कुलूहून निघते, दुपारी येथे.' शेजारीणबाई मान न उचलता काही म्हणाल्या आणि तिघी जणी हसल्या. त्याचे भाषांतर मला मिळाले नाही. मागितल्यावर मैत्रीण म्हणाली, 'ते हिंदीत नाही येत, दीदी.' आमच्या व्यवसायातही हे उत्तर अधूनमधून प्रामाणिकपणे द्यावेसे वाटते.

आईंनी मग फडताळातून एक जोड काढला. गेल्या माघातला, दोघींचा. मी दोन्ही मोजे उलटे करून पाहिले. एकाची वीण घट्ट, दुसऱ्याची किंचित मोकळी. फरक इतका सूक्ष्म, की पायाला कळला असता, डोळ्याला नाही. मोकळी कोणाची, असे मी विचारले. दोघींनी एकदमच आपापल्या छातीवर हात ठेवला आणि त्यावरून त्यांचा वाद सुरू झाला.

किंमत विचारली तेव्हा हा जोड विकायचा नाही असे कळले. त्याऐवजी आईंनी माझ्यापुढे चार आखूड सुया आणि पांढरी लोकर ठेवली. रात्री दहापर्यंत मी टाचेपाशी आले. टाच वळवताना टाके कसे उचलायचे ते शेजारीणबाईंनी माझी बोटे धरून दाखवले. त्या आपल्या बोलीत मोजत होत्या, मी मराठीत, आणि आकडे दोघींचे जुळत होते. मध्येच दिवे गेले. कोणी उठले नाही. शेगडीच्या उजेडात सून उरलेला चहा पेल्यांत ओतत राहिली. सकाळची बस सहाची होती, आणि माझा दुसरा मोजा अजून सुरूही झाला नव्हता. तो आपण करू, असे आईंनी सुचवले आणि माझ्या पायाचे माप दोऱ्याने घेऊन ठेवले.